सरांची बांधणी

सर कुठलीही वस्तू हाताशी आली की आधी ओढून बघत. खुर्चीचा हात असो, दाराची कडी असो, नाहीतर समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या बॅगेचा पट्टा असो. जरासं ओढायचं, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "दिवाळीपर्यंत चालेल." बॅगांच्या बाबतीत हे निकाल इतके खरे ठरत की कॉरिडॉरमध्ये सर दिसले की पोरं बॅग पाठीवरून काढून छातीशी धरत.

शहरातल्या सिंधीपुऱ्यात त्यांच्या गल्लीतल्या बायकांचंही तेच. सर येताना दिसले की एकीने दुसरीला हाक मारायची आणि दोघींनी आपापल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर नजर ठेवायची. एकदा एका दोरीला त्यांनी असाच थोडा ताण दिला आणि शेजारच्यांच्या धुतलेल्या चादरी एकजात नालीत गेल्या. शेजारीण तणतणत बाहेर आली तर सर तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, "भाभीजी, ये कल गिरनेवाली ही थी. मैंने आज बता दिया." चादरी पुन्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, धुऊन दिल्या. काकू सरांच्या शर्टाची बटणं दुहेरी दोऱ्याने शिवत, कारण सर तीही ओढून बघत.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते पदार्थांचं बळ शिकवायचे. कुठली वस्तू किती भाराने वाकते आणि कितीने तुटते, हा विषय. खांद्याला खादीची झोळी आणि झोळीत स्प्रिंगचा काटा. रद्दीवाल्यांकडे असतो तसाच, पण चांगला दांडगा. तोंडी परीक्षेला ते टेबलावर मावा जलेबीची बशी ठेवायचे. मुलांना वाटायचं, वा, काय प्रेमळ परीक्षक! मग सर एक जलेबी दोन बोटांनी उचलून विचारायचे, "ही दोन्हीकडून ओढली तर पहिली कुठे तुटेल? आणि का?" उत्तर चुकलं तरी जलेबी मिळायची, बरोबर आलं तरी मिळायची. आमच्या वर्गातल्या कित्येकांना त्या विषयातलं तेवढंच आठवतं, पण तेवढं पक्कं आठवतं.

त्यांचा ठेवणीतला प्रश्न एकच, "कोणी पाहिलं?" हिंदी मुलांसाठी, "देखा किसने?" कोणी सांगितलं की सर, उद्या सुट्टी आहे, तर "देखा किसने?" मग अर्धा वर्ग नोटीस बोर्डापर्यंत जाऊन यायचा. रिपोर्टमध्ये 'असे आढळून आले' हे शब्द दिसले की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. म्हणायचे, "कोणाला आढळलं? रस्त्यात पडलं होतं का? मी ओढलं, मी पाहिलं, असं लिहा. चुकलं तर कोण चुकलं ते तरी कळेल." तेव्हा आम्ही त्यांच्या नकला करायचो. माझी नक्कल सगळ्यात चांगली होती.

या ओढाओढीचं मूळ त्यांच्या लहानपणात होतं. वडील महाराष्ट्रातून इकडे, हिंदी मुलखात, कागदाच्या मिलमध्ये नोकरीला आलेले. सर मिलच्या कॉलनीत वाढले. वडील मशीनच्या ओल्या टोकाला असायचे, जिथे लगदा नुकता कागद होत असतो. तिथे कागद सारखा तुटायचा आणि तुटला की सगळ्यांची पळापळ. लहानपणी डबा द्यायला गेले की सर ती पळापळ बघत उभे राहायचे. "माझा बाप जन्मभर कागद तुटू नये म्हणून जागा राहिला," ते सांगायचे, "आणि मी तो का तुटतो ते शोधायला शिकलो. पगार त्याचा कमी, अक्कल माझी कमी." हे सांगताना त्यांचा आवाज जरा मऊ व्हायचा. एरवी तो मऊ होताना मी ऐकला नव्हता.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा असतो. आमच्याकडे चार-चार जणांचे गट पडायचे आणि त्यातले बरेचसे गट इंदूरहून तयार प्रोजेक्ट आणायचे. मॉडेल, रिपोर्ट, प्रेझेंटेशन, सगळं एका खोक्यात. मला ते नको होतं. मला माझा प्रश्न माझ्या हातांनी सोडवायचा होता. विभागप्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "अकेले करना है? तो कोई गाइड ढूँढ लो जो साइन कर दे." असा गाइड एकच होता आणि त्याच्या वाटेला कोणी जात नसे. तो एप्रिलच्या शेवटी रिटायर होणार होता.

आमचं गाव तापीपलीकडे, जैनाबादच्या पुढे. घरची केळी. दरवर्षी मे-जूनमध्ये आंधी येते आणि घड लागलेली बाग आडवी करून जाते. मी सरांना म्हटलं, की मला केळीचं झाड पडतं कसं ते शोधायचंय. आधी कोणतं पडतं, कुठून पडतं आणि बांधलं तर किती टिकतं. लोक खूप काही सांगतात, पण आंधीत सगळे घरात असतात. सकाळी जाऊन बघावं तर सगळीच झोपलेली.

"म्हणजे पडताना..."

"कोणीच पाहिलं नाही, सर. म्हणून तर."

सरांनी माझ्या अर्जाचा कागद हातात घेतला, दोन्ही कडांनी हलकेच ओढून पाहिला आणि सही केली. "बसा, इंजिनिअरबाई," म्हणाले. त्या दिवसापासून मी इंजिनिअरबाई झाले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात केळी बांधायची एक पद्धत होती, तिला लोक 'सरांची बांधणी' म्हणत. शेजारच्या तीन झाडांचे गळे प्लास्टिकच्या पट्टीने एकमेकांना त्रिकोणात बांधायचे. एकाला वारा लागला तर दोघं धरतील. ती सरांनी तरुणपणी शोधून काढली होती. इच्छापुरकडे त्यांचे एक शेतकरी मित्र होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंच्या बागेत दर रविवारी जाऊन सरांनी झाडं ओढून पाहिली होती आणि मग गावोगाव फिरून ही बांधणी शिकवली होती. माझ्या बाबांचीही बाग तशीच बांधलेली असायची. सरांनी आयुष्यात पुस्तक लिहिलं नाही, पेटंट घेतलं नाही. एवढी एकच गोष्ट त्यांची स्वतःची म्हणून होती, आणि तिचा विषय निघाला की ते उगीचच खिडकीबाहेर बघत.

काम सुरू झालं. घड उतरलेली झाडं बाबांनी माझ्यासाठी न तोडता ठेवली. घडाचं वजन हवं म्हणून आम्ही झाडांच्या गळ्यात रेतीच्या थैल्या टांगल्या. गळ्याला दोर, दोराला काटा, पुढे कप्पी आणि कप्पी बांधावरच्या निंबाला. बांधावरून जाणारा प्रत्येक जण थांबायचा. "काय वं माय, यंदा केळीले रेतीचा घड आला का?" बाबा ओशाळे व्हायचे, पण मला काही बोलायचे नाहीत.

रविवारी सर स्कूटरवरून यायचे. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, झोळी. आधी आमच्या फाटकाची कडी ओढून बघायचे, मग आईच्या हातचा चहा, मग काम. सुटं झाड ओढलं की ठरावीक भाराला वाकायचं आणि मोडायचं. बांधलेलं त्रिकुट मात्र दाद द्यायचं नाही. काटा पुढे पुढे सरकायचा, दोर कुरकुरायचा, आणि सर लहान मुलासारखे टाळ्या पिटायचे. "बघा, इंजिनिअरबाई! तिघं आहेत तिघं!"

आठवड्याच्या मधल्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी आणि आई ओढायचो, तर भलतंच व्हायचं. एक झाड मोडायच्या आधीच मुळासकट हलायचं, कलायचं आणि आपल्याबरोबर बाकीच्या दोघांना घेऊन आडवं व्हायचं. रविवारी सुट्या झाडाला लागायचा त्याच्यापेक्षाही कमी भार. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही तिरकं ओढता." मी सरळ ओढलं. "काटा नीट अडकवला नसेल." मी नीट अडकवला. रविवारी सर आले की पुन्हा त्रिकुट ताठ. असं बरेच दिवस चाललं. शेवटी मला माझ्या हातांचाच संशय यायला लागला. वाटायचं, मला हे जमणारं नाही, आपणही इंदूरचं खोकं आणावं.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी मला बाबा शेतात वाकलेले दिसले. माझ्या ओळीच्या ठिबकचा वाल्व बंद करत होते.

"बाबा, हे काय करू राह्यले?"

"परवा सर येऊ राह्यले नं माय. दोन दिस पानी बंद केलं का जमीन सुकते. नाही तं बूट भरतीन त्याह्यचे."

"दर शुक्रवारी बंद करता?"

"मंग? एवढा मोठा मानूस, त्याले चिखलात उभं करू का?"

मी तिथेच बांधावर बसले. ओली जमीन आणि कोरडी जमीन, एवढाच फरक होता. कोरड्या काळ्या मातीत मुळं घट्ट धरून राहतात, मग तिघांचं बळ खरंच एक होतं. ओल्या मातीत एकाची मुळं सुटली की ते दोघांच्या गळ्यात लोंबकळतं आणि त्यांनाही ओढून पाडतं. आणि आंधीच्या दिवसांत, त्या मे महिन्याच्या उन्हात, केळीचं पाणी कोणीच बंद करत नाही. करूच शकत नाही, झाड सुकून जाईल. म्हणजे आंधी येते ती नेहमी ओल्या जमिनीवर. कोरड्या जमिनीवर येत होते ते फक्त सर.

दुसऱ्या दिवशी मी फाट्यापर्यंत बाबांच्या मोटरसायकलवर गेले आणि तिथून बसने इच्छापुरकडे भाऊंच्या मळ्यात. विचारलं, की पूर्वी सर रविवारी यायचे तेव्हा पाणी चालू असायचं का? भाऊंना प्रश्नाचाच राग आला. "काय बोलतीस बाई! मास्तर शहरातून येत, पँट-बूट घालून. मी शुक्रवारपासूनच पाट दुसरीकडे वळवून देत होतो. बाकी लोक करत नसतीन, आपण बराबर करत होतो." मोठ्या अभिमानाने सांगत होते. इतक्या वर्षांत हे सरांना सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. आदर असा सांगून करतात का?

आणि दरवर्षी आंधीनंतर? तेव्हा लोक म्हणायचे, सरांची बांधणी होती म्हणून एवढी तरी वाचली.

विभागप्रमुखांना मी अडचण सांगितली, तर ते म्हणाले, की रविवारची रीडिंग्ज लिही आणि मोकळी हो. सरांचा निरोप समारंभ आहे, स्मृतिचिन्हावर त्या तीन केळींचं चित्र कोरायला दिलंय, आणि सही त्यांचीच लागणार आहे. "क्यों बुढ़ापे में उनका दिल तोड़ती हो?" ते वाईट माणूस नव्हते. मलाही ते पटायला लागलं होतं, हीच भीती होती. सांगितलं तर सरांची आयुष्यातली एकुलती एक कमाई जाणार. नाही सांगितलं तर आंधीत बागा तीन-तीनच्या हिशेबाने झोपणार आणि लोक पुन्हा सरांचेच आभार मानणार.

मी लॅबमध्ये गेले. सर एक सळई तपासत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाल्व, पाट, बूट, सगळं.

"कोणी पाहिलं?" ते म्हणाले. सवयीने.

"मी, सर. वाल्व बंद करतानाही पाहिलं आणि ओल्या जमिनीत तिघं एकदम जाताना पण."

सरांनी सळई खाली ठेवली. मग म्हणाले, "माझा बाप ओल्या कागदाच्या मशीनवर होता, इंजिनिअरबाई. ओलं आधी तुटतं, हे मी चड्डीत असल्यापासून बघतोय." झोळी उचलली आणि निघून गेले. जाताना त्यांनी दाराची कडी ओढली नाही. मी घरी येऊन आईजवळ रडले.

पुढे काही दिवस ते कॉलेजात आलेच नाहीत. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, "गच्चीवर बसतात. जेवतात. बोलत नाहीत." मग एका बुधवारी, ऐन दुपारी, न सांगता स्कूटर आमच्या फाटकाशी उभी राहिली. बाबा धावत वाल्वकडे निघाले. सर ओरडले, "हात लावायचा नाही! अजून सोडा!"

जमीन पुरती भिजली. सर बुटांसकट ओळीत शिरले, घोट्यापर्यंत रुतले आणि दोर स्वतः हातात घेतला. मला म्हणाले, "काटा तुम्ही वाचा. मी वाचला तर मला हवं तेच वाचेन." त्यांनी ओढलं. पहिलं झाड कललं, पट्टी ताणली गेली आणि तिन्ही झाडं रेतीच्या थैल्यांसकट त्यांच्या पायाशी पडली. सर त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "दुसरी ओळ." तिसरी ओळही त्यांनीच ओढली. संध्याकाळी आईने बूट धुवायला मागितले, ते त्यांनी दिले नाहीत.

निरोप समारंभ झाला. तीन केळींचं चित्र कोरलेलं स्मृतिचिन्ह त्यांनी घेतलं, मागची कडी ओढून पाहिली आणि माईकवर म्हणाले, "हे टिकेल. चित्रातली बांधणी मात्र टिकत नाही. का, ते या बाई सांगतील." मी पाच मिनिटं बोलले. टाळ्या जरा चुकत-माकतच पडल्या, कारण लोकांना कळेना की कोणासाठी वाजवायच्या.

खरी अडचण पुढेच होती. मे लागला होता आणि बागा बांधलेल्या होत्या. सर गावोगाव फिरून पट्ट्या कापायला सांगू लागले, मी सोबत. ज्या झाडांचे घड भारी त्या प्रत्येकाला स्वतंत्र टेकू द्यावा, बांबूचा, बाकीची सुटी ठेवावीत. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि कापायचे नाहीत. "सर, तुमच्या हातची चीज हाये. राहू द्या." माझ्या बाबांनी कापल्या, पण डोळे मिटून. ज्या आदराने पाणी बंद केलं होतं, तोच आदर आता पट्ट्या सोडू देत नव्हता. सर थकून जायचे. म्हणायचे, "शिकवायला दोन वर्षं लागली होती. विसरायला लावायला जन्म जाईल."

भाऊंकडे आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. सरांना तिथे जायचंच नव्हतं, हे मला दिसत होतं. भाऊंची बाग मोठी सुंदर, घड जमिनीकडे झुकलेले, तीन-तीन झाडं गळ्यात गळे घालून उभी. पाटातून पाणी चालू होतं. सर सरळ ओळीत शिरले.

"मास्तर, चिखल हाये तिकडे!" भाऊ घाईने पुढे झाले. "थांबा, मी पानी वळवतो."

"नको. मी इथेच उभा राहणार आहे. पट्ट्या काप, मग बाहेर येतो."

"तुमच्या नावाची बांधणी अन् मी कापू? मले नाही जमनार ते."

"भाऊ," सर म्हणाले, "तू मला इतकी वर्षं कोरड्यावर उभं केलंस रे."

भाऊंना आधी कळलं नाही. ते सरांच्या तोंडाकडे बघत राहिले, मग त्यांच्या पायांकडे, मग पाटाच्या पाण्याकडे. हळूहळू चेहरा उतरत गेला. "मी तं तुम्हाले त्रास नको म्हनून..." एवढंच बोलले. दोघंही म्हातारे, दोघांच्या डोळ्यांत पाणी, आणि मी मध्येच उभी. मला दोघांचाही राग येईना, दोघांबद्दलही नुसतं भरून येत होतं. मग भाऊंनी कमरेचा विळा काढला आणि पहिली पट्टी स्वतः कापली. झाडं जराशी हलून सुटी झाली. भाऊंनी कापल्या म्हटल्यावर त्या बाजूच्या बाकीच्यांनीही कापायला सुरुवात केली.

जूनच्या सुरुवातीला आंधी आली. दुपारीच अंधारून आलं आणि पत्रे उडाले. आमच्याकडचं नुकसान बघत मी बाबांच्या मागे मागे बागेत फिरत होते, तेवढ्यात फोन वाजला. सर भाऊंच्या मळ्यावर पोचलेसुद्धा होते. आवाज चढलेला, धाप लागलेली, मागे भाऊ काहीतरी ओरडत होते.

"इंजिनिअरबाई! पडलीत! झाडं पडलीत!"

"किती, सर?"

"किती ते नंतर! एकेकटी पडलीत! मी ओळ न् ओळ फिरलो. पडलंय त्याच्या शेजारचं उभं आहे, त्याच्या शेजारचं उभं आहे! एकेकटी पडलीत गं, एकेकटी!"

आयुष्यभराची कमाई खोटी ठरली म्हणून कोणी इतकं आनंदाने ओरडताना मी पुन्हा ऐकलेलं नाही.